लिम्फोमासोबत जगताना: सांगली परिसरातील रुग्ण आणि कुटुंबीयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि भोवतालच्या तालुक्यांतून उपचारांसाठी येणारे रुग्ण व त्यांच्या घरची माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे, हे मात्र ती वाचून ठरवता येईल.

लिम्फोमा म्हणजे नेमका कोणता आजार?

आपल्या रक्तात आणि लसीका ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात आणि जंतूंशी लढणे हे त्यांचे काम असते. यांपैकी एखादी पेशी बिघडून अनिर्बंध वाढू लागली की जो कर्करोग होतो, त्याला लिम्फोमा म्हणतात. मान, काख, जांघ, छातीचा मध्यभाग, पोट आणि पानथरी ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. तथापि लिम्फोसाइट सर्वत्र फिरत असल्याने जठर, त्वचा, हाडांतील मगज किंवा मेंदू यांतही तो आढळू शकतो. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे त्याचे दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटाला थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरचे नाव मिळाले, कारण त्याने १८३२ साली या आजाराचे वर्णन केले होते. दुसऱ्या गटात अनेक वेगवेगळे आजार येतात. त्यांतील काही अतिशय वेगाने वाढतात, तर काही इतके संथ असतात की वर्षानुवर्षे औषधाविना केवळ नजर ठेवली तरी चालते. म्हणून ‘शेजारच्या गावातील अमक्याला हाच आजार होता’ एवढ्यावरून स्वतःच्या आजाराबद्दल काहीही अनुमान काढू नये.

गाठ दुखत नाही. मग दाखवण्याची घाई कशासाठी?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते आणि दात किंवा घसा बिघडला की जबड्याखाली गाठ येते. अशी गाठ बहुधा दुखरी असते आणि मूळ कारण बरे झाले की काही दिवसांत ओसरते. लिम्फोमाची गाठ मात्र बहुतेक वेळा दुखत नाही. हाताला रबरासारखी लागते आणि आठवड्यांमागून आठवडे तशीच राहते किंवा वाढते. दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते आणि नेमका तोच वेळ वाया जातो. तीन-चार आठवड्यांत न ओसरणारी कोणतीही गाठ डॉक्टरांना दाखवावी आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ असेल तर तेवढीही वाट पाहू नये. तिच्या जोडीला विनाकारण येणारा ताप, कपडे व अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे, यांपैकी काही असल्यास ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे. अंगभर सुटणारी खाजही सांगावी, कारण हॉजकिन प्रकारात ती आढळते आणि त्वचारोग समजून तिच्यावर महिनोन्‌महिने मलमे लावली जातात.

आम्हाला आधी क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. असे का होते?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर विस्ताराने देणे आवश्यक आहे. मानेतील गाठी, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि खंगत जाणे ही लक्षणे ग्रंथींच्या क्षयातही दिसतात, ज्याला आपल्याकडे गंडमाळ म्हणतात, आणि लिम्फोमातही दिसतात. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने डॉक्टरांच्या मनात तो आधी येणे स्वाभाविक आहे. त्यात प्रत्येक वेळी निष्काळजीपणा असतो असे नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा क्षयाचा जंतू कोठेही न सापडता केवळ अंदाजाने गोळ्या सुरू होतात आणि गाठ वाढत असूनही ‘कोर्स पूर्ण होऊ द्या’ म्हणून सहा महिने थांबले जाते.

यासाठी रुग्णाने किंवा घरच्यांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली अशी की, क्षयाचे निदान कशावरून झाले, म्हणजे गाठीतील नमुन्याची जनुकीय तपासणी, जंतूंची वाढ किंवा बायोप्सी (गाठ किंवा तिचा तुकडा काढून केलेली तपासणी) यांपैकी काही झाले आहे का. दुसरी अशी की, केवळ सुईने पाणी काढून तपासले आहे की गाठ काढून तपासली आहे. सुईच्या तपासणीत सुट्या पेशी मिळतात, पण गाठीची रचना दिसत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यासाठी ती रचनाच पाहावी लागते. त्यामुळे शक्य असेल तेथे संपूर्ण गाठ काढून तपासणे ही उत्तम पद्धत आहे. गाठ खोलवर असेल, तर जाड सुईने तुकडा घेतात. क्षयाचे औषध सुरू असताना एखादी गाठ तात्पुरती वाढू शकते हेही खरे आहे. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण औषध लागू पडत नसेल तर बायोप्सीचा आग्रह धरावा. असा आग्रह धरणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान करणे नव्हे.

याच संदर्भात आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. बायोप्सीपूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊ नयेत. त्यांनी लिम्फोमाची गाठ काही काळ विरघळते, रुग्णाला बरे वाटते आणि मग काढलेल्या तुकड्यात निदान करता येत नाही. दमा किंवा अन्य आजारासाठी स्टेरॉइड चालू असेल, तर ते आधी सांगावे.

बायोप्सी केल्याने आजार पसरतो का?

लिम्फोमा बायोप्सीने पसरत नाही. बायोप्सीविना केलेला उपचार हा केवळ अंदाज ठरतो आणि इतक्या गंभीर आजारात अंदाजावर विसंबणे रुग्णाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे.

अहवालात चौथी स्टेज लिहिली आहे. म्हणजे आशा संपली का?

नाही. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात चौथ्या स्टेजचा जो अर्थ असतो, तो येथे जसाच्या तसा लागू होत नाही. लिम्फोसाइट मुळातच शरीरभर फिरणाऱ्या पेशी असल्याने आजार एकाहून अधिक जागी सापडणे ही येथे नेहमीची बाब आहे. पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या, एकाच बाजूला गाठी असतील तर पहिली किंवा दुसरी, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरी, आणि मगज, यकृत यांसारख्या अवयवांत आजार पसरलेला असेल तर चौथी, अशी ढोबळ विभागणी आहे. चौथ्या स्टेजच्या हॉजकिन लिम्फोमाचे रुग्णही मोठ्या संख्येने पूर्ण बरे होतात. नॉन-हॉजकिनमधील सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा होय. तो वेगाने वाढतो, तरीही योग्य औषधांनी त्याचे निम्म्याहून अधिक रुग्ण कायमचे बरे होतात. तुमच्या बाबतीत शक्यता काय आहे, हे आजाराचा प्रकार, वय, रक्तातील एलडीएच या घटकाचे प्रमाण आणि एकूण प्रकृती यांवर ठरते. तो प्रश्न थेट आपल्या डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

डॉक्टर म्हणतात, सध्या औषध नको, दर तीन महिन्यांनी दाखवा. हे दुर्लक्ष तर नाही ना?

फॉलिक्युलर लिम्फोमासारख्या संथ प्रकारांत, त्रास नसताना लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही; औषधांचा त्रास मात्र निश्चित होतो. म्हणून नजर ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. हा काळ मनाला जड जातो, हे आम्ही जाणतो. घरात सगळे विचारतात की एवढा आजार असून गोळी कशी नाही. अशा वेळी पुढच्या भेटीला जाताना घरातील एका जाणत्या माणसाला सोबत न्यावे आणि डॉक्टरांचे म्हणणे त्याला प्रत्यक्ष ऐकू द्यावे.

किमो सुरू होण्यापूर्वी कोणत्या तपासण्या होतात आणि त्या खरोखर आवश्यक आहेत का?

आजार कोठवर आहे हे पेट स्कॅन (शरीरभरातील आजार दाखवणारी चित्र-तपासणी) दाखवतो आणि दोन-तीन किमोनंतर तो पुन्हा केल्यास औषध लागू पडते आहे की नाही हेही कळते. हृदयाचा इको करतात, कारण डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. एचआयव्ही व कावीळ ब आणि क यांच्या रक्ततपासण्या करतात. त्यांतील कावीळ ब ची तपासणी कधीही टाळू नये: रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरील औषध दिल्यावर यकृतात दडलेला हा विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि ते जिवावर बेतू शकते. विषाणू आहे हे आधी कळले, तर रोजच्या गोळीने तो रोखता येतो.

बी पेशींच्या (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराच्या) आजारात बहुधा रिटुक्सिमॅबसह आर-चॉप नावाचा औषधांचा संच दर २१ दिवसांनी देतात. हॉजकिनमध्ये एबीव्हीडी हा संच दर दोन आठवड्यांनी देण्याची पद्धत रुळलेली आहे. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या सलाइनला थंडी वाजणे व ताप येणे सामान्य असल्याने ते अतिशय सावकाश, अनेक तास चालवतात. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नसते. केस जातात आणि उपचार संपल्यावर परत येतात. बोटांना मुंग्या येणे, बटण लावताना अडखळणे, बद्धकोष्ठता ही आर-चॉपमधील विनक्रिस्टिन या औषधाच्या दुष्परिणामांची लक्षणे आहेत. ती किरकोळ समजून लपवू नयेत, कारण वेळीच कळल्यास मात्रा कमी करता येते. एबीव्हीडी चालू असताना कोरडा खोकला किंवा दम लागू लागला, तर पुढचा डोस घेण्यापूर्वी सांगावे, कारण त्यातील ब्लिओमायसिन हे औषध फुप्फुसाला इजा करू शकते. आर-चॉपमधील स्टेरॉइडने साखर वाढते. मधुमेही रुग्णांनी त्या पाच दिवसांत घरी साखर तपासावी.

किमोनंतर घरी ताप आला तर काय करावे?

या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे असावे. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या काळातील ताप ही तातडीची बाब असते. घरात तापमापक ठेवावा. पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने पारा उतरतो, पण रक्तातील जंतुसंसर्ग वाढतच राहतो आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. शिरेतून प्रतिजैविक जितक्या लवकर मिळेल तितका जीव वाचण्याचा संभव अधिक.

जत, आटपाडी किंवा शिराळ्याच्या आतल्या गावातून मिरजेपर्यंत येण्यास मोठा वेळ लागतो, ही खरी अडचण आहे. त्यासाठी पहिल्या किमोच्या दिवशीच तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत: रात्री कोणाला फोन करायचा, आपल्या गावापासून जवळच्या कोणत्या दवाखान्यात रक्ततपासणी आणि शिरेतून प्रतिजैविक देण्याची सोय आहे, आणि गाडी कोणाची मिळेल. सोबत औषधांची नावे व शेवटच्या किमोची तारीख असलेला कागद ठेवावा. तेथील डॉक्टरांना ‘किमो चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी असू शकतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. रुग्णाला त्रास नको म्हणून पहाटेपर्यंत थांबण्याची आपल्या घरांतील सवय समजण्यासारखी आहे. परंतु या एका बाबतीत ती सोडून द्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आहारात काय असावे? हळद, गोमूत्र, काढे चालतात का?

घरचे ताजे, शिजवलेले, प्रथिने असलेले अन्न हाच मुख्य नियम आहे. अंडी, डाळी, अख्खा मसूर, उकळलेले दूध, ताजे दही, नीट शिजवलेले मटण किंवा मासे यांतील जे पचेल आणि परवडेल ते खावे. भाकरी टोचत असेल तर ती दुधात किंवा आमटीत कुस्करावी. तोंड आले असताना कांदा-लसूण मसाला बाजूला ठेवावा. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत रसवंतीवरील बर्फाचा उसाचा रस, उघड्यावरील कापलेली फळे, कच्ची कोशिंबीर आणि शिळे अन्न टाळावे. केळी, संत्री यांसारखी साल काढून खाण्याची फळे अधिक सुरक्षित असतात. साखर खाल्ल्याने कर्करोग वाढतो म्हणून गोड तोडणे अनावश्यक आहे. वजन घटू न देणे अधिक महत्त्वाचे आहे.

सांगली ही हळदीची पेठ असल्याने हा प्रश्न येथे हमखास येतो. भाजी-आमटीतील हळद बिनधास्त खावी. हळदीतील कुर्क्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ अभ्यास झाला आहे, परंतु तेवढ्याने लिम्फोमा बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि अर्काच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या किमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. भस्मे, काढे, गोमूत्र यांबाबत आमचे मत स्पष्ट आहे: उपचार चालू असताना ती घेऊ नयेत, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नयेत. यकृताला सूज आली, तर ती कशाने आली हे शोधण्यात किमो लांबणीवर पडते आणि तोटा रुग्णाचाच होतो.

द्राक्षबागेतील फवारणीमुळे हा आजार झाला का?

तासगाव, पलूस, कवठे महांकाळकडील शेतकरी हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यामागे अपराधी भावना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन या कीटकनाशकाला कर्करोगकारक ठरवले आणि तो निष्कर्ष नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या पुराव्यावरच आधारलेला होता. त्याच वर्षी मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ अशी झाली. तरीही एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा आजार फवारणीनेच झाला असे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि अनेकांना हा आजार आयुष्यात कधी पंप पाठीवर न घेता होतो. यापुढे मात्र रुग्णाने फवारणी करू नये, आणि घरातील इतरांनी मुखपट्टी, हातमोजे, अंगभर कपडे वापरूनच ती करावी.

उपचार येथेच घ्यावेत की मुंबईला जावे?

मिरजेला वैद्यकीय सेवेची जुनी परंपरा आहे. वानलेस रुग्णालयाची स्थापना १८९४ सालची आहे. आज मिरजेत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय आहे आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात कराडलाही सोय आहे. आर-चॉप किंवा एबीव्हीडी हे उपचार सगळीकडे सारख्याच पद्धतीने दिले जातात, त्यामुळे ठरलेल्या तारखेला न चुकता गाठता येणारे जवळचे केंद्र हे दर वेळी दमछाक करणाऱ्या दूरच्या केंद्रापेक्षा पुष्कळदा हिताचे असते. निदानाबद्दल शंका असल्यास रुग्णाला न नेता बायोप्सीच्या काचा आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात दाखवून दुसरे मत घेता येते. हे ठोकळे रुग्णाच्या हक्काचे आहेत. पॅथॉलॉजीतून मागून घ्यावेत आणि उन्हात ठेवू नयेत, कारण मेण वितळते.

आजार उलटला असेल, मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार असेल किंवा प्रकार दुर्मीळ असेल, तर मात्र मोठ्या केंद्रात जाणे योग्य. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून परत दिल्या जातात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. बी पेशींचा आजार उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या निवडक रुग्णांसाठी तो आहे. त्याचा खर्च परदेशापेक्षा पुष्कळ कमी असला, तरी अजून लाखांच्या घरात आहे.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित छत्राखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि किमो व रेडिएशन त्यात येतात. रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा अहवाल सोबत न्यावा. नावातील किरकोळ फरकामुळे मंजुरी अडते, म्हणून शिधापत्रिका आणि आधार यांवरील नाव आधीच जुळवून घ्यावे. आपल्याला लिहून दिलेले प्रत्येक औषध, विशेषतः रिटुक्सिमॅब, मंजूर संचात आहे का हे स्पष्ट विचारावे. भारतीय कंपन्यांची रिटुक्सिमॅब २००७ पासून उपलब्ध आहेत आणि ती मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. योजनेबाहेरील खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा विहित दाखला लागतो.

पुराच्या दिवसांत किमोची तारीख आली तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेने रस्ते बंद केले, तेव्हा हा प्रश्न किती मोठा आहे हे सर्वांनी अनुभवले. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठच्या गावांतील रुग्णांनी तारखेची वाट न पाहता मिरजेतील नातेवाइकांकडे किंवा उंचावरील ठिकाणी आधीच मुक्काम हलवावा. अहवाल व गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाव्यात आणि अहवालांचे फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलवर असावेत. पाणी उकळूनच प्यावे. घरातील गाळ काढण्याच्या कामाला रुग्णाने हात लावू नये.

रुग्णाला आजाराचे नाव सांगावे का?

‘दादांना कळले तर ते खचतील,’ असे म्हणून मुले बाहेरच्या बाकावर डॉक्टरांना गाठतात. त्यामागे माया असते. तरीही आमचा अनुभव असा आहे की, रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलेच असते. फक्त त्याविषयी बोलायला घरात कोणी उरत नाही. सहा-सहा महिने चालणारे उपचार त्याच्या सहकार्याविना पार पडत नाहीत आणि ताप आल्यावर आधी त्यालाच तो जाणवणार असतो. सगळे एका दमात सांगण्याची गरज नाही. ‘तुम्हाला या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?’ असे विचारावे आणि तो विचारील तेवढे खरे सांगावे. लहान मुलांनाही त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे, आणि हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे तर अवश्य सांगावे.

लग्न, मूल आणि संसार यांचे काय?

हॉजकिन लिम्फोमा पुष्कळदा ऐन तारुण्यात होतो, म्हणून हा प्रश्न उपचारांच्या आधी विचारायला हवा. नंतर विचारून उपयोग होत नाही. काही औषधांनी प्रजननक्षमता कमी होते. एबीव्हीडीमध्ये हा धोका तुलनेने कमी असतो, आजार उलटल्यावर दिल्या जाणाऱ्या तीव्र उपचारांत तो बराच जास्त असतो. तरुणांना किमोपूर्वी वीर्य गोठवून ठेवता येते. तरुणींसाठी बीजांडे किंवा भ्रूण गोठवण्याची सोय असते, पण तिला थोडे दिवस लागतात. घरातील वडीलधाऱ्यांसमोर हे विचारणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची वेळ मागावी. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळावी. हा आजार आईबापांकडून मुलांना थेट मिळत नाही. जवळच्या नातेवाइकांत धोका किंचित वाढतो इतकेच. बरे झालेल्या मुलीचे लग्न या कारणाने अडवणे अन्यायाचे आहे.

उपचार संपले. आता पुढे काय?

वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत आजार उलटण्याचा संभव पहिल्या दोन वर्षांत अधिक असतो, म्हणून त्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते. लक्षणे नसताना दर वेळी पेट स्कॅन करण्याची गरज नसते. मानेला रेडिएशन झाले असल्यास थायरॉइडची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते. छातीला झाले असल्यास स्त्रियांनी स्तनांची तपासणी नेहमीपेक्षा लवकरच्या वयात सुरू करावी. फ्लू व न्यूमोनियाच्या लसी कधी घ्यायच्या ते विचारावे. जिवंत जंतूंच्या लसी परवानगीविना घेऊ नयेत. थकवा काही महिने राहतो आणि रोज थोडे चालल्याने तो कमी होतो. आषाढवारीला जाता येईल का, असे अनेक जण विचारतात: रक्ततपासणी नीट असेल, डॉक्टरांनी होकार दिला असेल आणि दमल्यावर वाहनात बसण्याची तयारी असेल, तर काही टप्पे चालायला हरकत नाही.

शेवटच्या भेटीत रुग्णालयाकडून एक सारांशपत्र अवश्य मागून घ्यावे. त्यात आजाराचा नेमका प्रकार, स्टेज, दिलेली औषधे, डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा, रेडिएशनची जागा आणि शेवटच्या स्कॅनचा निष्कर्ष असावा. वीस वर्षांनी दुसऱ्या गावात हृदयाच्या तक्रारीसाठी दाखवायची वेळ आली, तरी तेथील डॉक्टरांना हा कागद दाखवावा.